विंचवाचं बिऱ्हाड: नकाशावरचं राज्य दूरदेशी हलवताना



आज आपण ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत, ती गेम खेळणाऱ्यांच्या चांगली ओळखीची आहे आणि इतिहास वाचणाऱ्यांच्याही. फक्त दोघं तिच्याकडे वेगवेगळ्या दारांनी येतात. एखादं राज्य किंवा एखादी टोळी आपली मूळ जागा सोडते, शेकडो-हजारो किलोमीटर लांब जाते आणि तिथे नव्याने उभी राहते. हे कसं घडतं? बरोबर काय नेता येतं, मागे काय राहतं? आणि गेममध्ये आपण हे करतो तेव्हा खऱ्या गोष्टीतलं किती आपल्या हाती लागतं?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम म्हणजे समोर जुन्या काळाचा नकाशा, त्यावर रंगवलेली राज्यं, आणि त्यातलं एक राज्य तुमचं. त्याला फॅक्शन म्हणतात. शेती, कर, फौज, तह, लढाई, सगळं तुम्ही बघायचं. प्रत्येक फॅक्शन आपापल्या खऱ्या जागी सुरू होते: सॅक्सन उत्तर जर्मनीत, पोर्तुगाल लिस्बनला. बहुतेक लोक तिथून हातपाय पसरतात. पण काही खेळाडूंना एक खोड असते. ते पहिल्याच टर्नला घरदार मोडतात आणि सॅक्सनांना घेऊन थेट उत्तर आफ्रिकेच्या वाटेला लागतात.

का करतात? एक कारण अगदी व्यवहारी आहे. सुरुवातीची जागा वाईट असते. जमीन नापीक, शेजारी दांडगा, आणि पाचपन्नास टर्नमध्ये तो आपल्याला गिळणार हे दिसत असतं. दुसरं कारण कुतूहलाचं. हे लोक इथे नसते, तिथे असते, तर काय झालं असतं? आम्हाला वाटतं, दोन्ही कारणं चांगली आहेत. गंमत म्हणजे पहिल्या कारणासाठी खऱ्या इतिहासातही माणसांनी हेच केलेलं आहे.

गेम हे कसं करू देतात

तीन उदाहरणं घेऊ, कारण तिन्ही गेम 'राज्य हलवणं' याचा वेगवेगळा अर्थ लावतात.

पहिला, २००४चा 'रोम: टोटल वॉर'. यात राज्य हलवायची खास सोय नाही. पण एक नियम असा आहे की सैनिकांची तुकडी उभी केली की तेवढी माणसं त्या शहराच्या लोकसंख्येतून वजा होतात, आणि ती तुकडी दुसऱ्या शहरात नेऊन मोडली की तिथल्या लोकसंख्येत जमा होतात. खेळाडूंनी यातून वाट काढली. गर्दीच्या शहरात शेतकऱ्यांच्या तुकड्या उभ्या करायच्या, त्यांना चालवत लांब न्यायचं आणि तिथे मोडायचं. झालं स्थलांतर! दिसायला साधी युक्ती आहे, पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे: माणसं इथून तिथे गेली की इथली कमी होतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा, २०१५चा 'टोटल वॉर: अटिला'. याची सुरुवात इसवी सन ३९५मध्ये होते. इथे व्हँडल, व्हिसिगॉथ यांसारख्या फॅक्शनांकडे सुरुवातीला एकही शहर नसतं. त्यांची फौज हेच त्यांचं राज्य. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. छावणी टाकली की तिच्यातच लोहारशाळा, तिच्यातच तबेले, तिच्यातच नवी भरती. सॅक्सन किंवा फ्रँक यांच्याकडे गावं असतात, पण त्यांनाही ती सोडून टोळी होता येतं. वर गेमने एक टोचणी लावून ठेवली आहे: वर्षं जातात तसं हवामान थंड होत जातं, उत्तरेकडच्या जमिनीचा कस उतरतो. बसून राहिलात तर उपाशी मराल. म्हणून दक्षिणेला चला.

तिसरा, २०१३चा 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४'. इथे हलते ती राजधानी. प्रशासनाचे गुण खर्च करायचे आणि राजधानी दुसरीकडे न्यायची. समुद्रापार न्यायची तर अटी जास्त. पण न्यायचं कारण भारी आहे. युरोपात राजधानी असलेल्या राज्याने ब्राझीलमध्ये पुरेसे प्रांत मिळवले की तिथे आपोआप एक वेगळं वसाहती राष्ट्र तयार होतं, आणि त्याचा कारभार तुमच्या हातातून जातो. राजधानीच अमेरिकेत असेल तर असं होत नाही. ते प्रांत थेट तुमचे. म्हणजे गेम म्हणतो: डोकं जिथे आहे तो देश, बाकीची वसाहत.

आता बघा. पहिल्या गेममध्ये माणसं हलली, दुसऱ्यात फौज आणि बिऱ्हाड हललं, तिसऱ्यात गादी हलली. खऱ्या राज्यात या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यातली कुठली नेली आणि कुठली मागे ठेवली, यावर पुढचं सगळं ठरतं. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून तीन खरी स्थलांतरं पाहू.

व्हँडल: सगळंच बरोबर नेलं

सर्वांत प्रसिद्ध प्रकरण व्हँडलांचं. ४०६च्या अखेरीस व्हँडल, अलान आणि सुएबी अशा टोळ्यांनी ऱ्हाईन नदी ओलांडली. त्याच सुमाराला फ्रँकांशी झालेल्या लढाईत व्हँडलांचा राजा गोडिगिसेल मारला गेला. गॉलमधून लुटालूट करत ते ४०९मध्ये स्पेनमध्ये उतरले. तिथे वीस वर्षं काढली. ती वर्षं सुखाची नव्हती. रोमच्या वतीने आलेल्या व्हिसिगॉथांनी ४१६ ते ४१८ या काळात व्हँडलांची सिलिंग ही शाखा आणि त्यांचे मित्र अलान यांचा जवळजवळ निकाल लावला. वाचलेले लोक उरलेल्या हास्डिंग व्हँडलांना येऊन मिळाले. इथपासून त्यांच्या राजाचं बिरुदच 'व्हँडल आणि अलान यांचा राजा' असं झालं. म्हणजे आपण नकाशावर ज्याला एक रंग देतो, ती टोळी प्रत्यक्षात वाटेत जुळलेल्या लोकांची मोट होती.

४२८मध्ये राजा गुंडेरिक मेला, आणि त्याचा सावत्र भाऊ गायसेरिक गादीवर आला. ४२९मध्ये त्याने अख्खा जमाव घेऊन जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली. अंतर अरुंद जागी १४ किलोमीटर. पण त्यापुढची वाट बघा! पलीकडच्या टँजियरपासून हिप्पो रेजियसपर्यंत सरळ रेषेतसुद्धा १२०० किलोमीटर होतात. म्हातारी माणसं, मुलं, गुलाम, गाड्या, जनावरं, सगळ्यांसकट.

किती लोक होते? व्हिटाचा बिशप व्हिक्टर आकडा देतो ८० हजार, आणि स्पष्ट सांगतो की यात म्हातारे, पोरं, गुलाम सगळे धरलेले आहेत. शंभर वर्षांनंतर लिहिणारा प्रोकोपियस म्हणतो की गायसेरिकने ८० सरदार नेमून ८० हजारांचा देखावा केला, खरे लोक ५० हजारांवर नव्हते. काहीही धरा, प्रत्यक्ष लढणारे पुरुष इतिहासकार साधारण १५ ते २० हजार मानतात. बस, एवढंच.

आणि आफ्रिकाच का? कारण रोम शहराची भाकरी तिथे पिकत होती. कार्थेजच्या बंदरातून धान्याची जहाजं इटलीला जायची. प्रांत श्रीमंत, लढायांची झळ कमी बसलेला, आणि मध्ये समुद्र. ज्या शत्रूकडे आरमार नाही तो पोचणार नाही. 'अटिला' खेळणारा माणूस नकाशा बघून जो विचार करतो, अगदी तोच हा विचार आहे. फक्त इथे सेव्ह केलेला गेम पुन्हा उघडायची सोय नव्हती.

४३०मध्ये त्यांनी हिप्पोला वेढा घातला. त्या वेढ्यातच, ऑगस्टमध्ये, तिथला बिशप संत ऑगस्टिन वारला. ४३५मध्ये रोमशी तह झाला. ४३९च्या ऑक्टोबरमध्ये गायसेरिकने तह मोडून कार्थेज घेतलं, आणि बंदराबरोबर जहाजं आणि ती बांधणारे, चालवणारे लोकही त्याच्या हाती आले. ४५५मध्ये व्हँडलांच्या आरमाराने खुद्द रोम १४ दिवस लुटलं. ४६८मध्ये पूर्व आणि पश्चिम साम्राज्याने मिळून प्रचंड आरमार धाडलं, ते गायसेरिकने बॉन भूशिराजवळ जाळून टाकलं. ४७७मध्ये तो मेला तेव्हा त्याच्याइतका यशस्वी राजा भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात दुसरा नव्हता.

गेम असता तर इथे 'विजय' अशी पाटी आली असती आणि आपण चहा करायला उठलो असतो. पण राज्य चालू राहतं. ५३३मध्ये बेलिसारियस १० हजार पायदळ आणि ५ हजार घोडेस्वार घेऊन आफ्रिकेत उतरला. तेव्हाचा राजा गेलिमर. त्याचा भाऊ ५ हजार माणसं आणि १२० जहाजं घेऊन सार्डिनियातलं बंड मोडायला गेलेला. दोन लढाया झाल्या. ५३४मध्ये गेलिमर शरण आला आणि राज्य संपलं. पकडलेल्या व्हँडलांना पूर्वेला नेऊन घोडदळात घातलं. आफ्रिकेतल्या व्हँडल बायकांशी रोमन सैनिकांनी लग्नं लावली. पुढे व्हँडल नावाचे लोकच उरले नाहीत.

असं का व्हावं? इथे आपल्याला पहिल्या गेममधला तो नियम आठवायला हवा. माणसं मोजकी होती. मागून नवी येणार नव्हती. लाखोंच्या वस्तीच्या प्रांतात काही हजार लढवय्ये राज्यकर्ते म्हणून बसले. कार्थेजभोवतीच्या चांगल्या जमिनी जुन्या मालकांकडून काढून त्यांच्यात वाटल्या गेल्या. धर्मातही अंतर राहिलं. व्हँडल एरियन पंथाचे ख्रिस्ती, स्थानिक लोक कॅथलिक, आणि गायसेरिकच्या मुलाच्या काळात बिशपांना हद्दपार करण्यापर्यंत गोष्टी गेल्या. म्हणजे बाहेरून भरती नाही, आणि आतून लोक आपले होत नाहीत.

आणखी एक बारकावा. प्रोकोपियस सांगतो की गायसेरिकने कार्थेज सोडून बाकी शहरांचे तट पाडले, म्हणजे स्थानिक लोकांनी बंड केलं किंवा रोमन फौज आली तर त्यांना आसरा मिळू नये. मोजक्या माणसांनी मोठा प्रांत धरून ठेवायचा तर हा शहाणपणाच वाटतो. पण बेलिसारियस आला तेव्हा त्याला अडवायलाही तट नव्हते. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांचाच धाक, म्हणून घराची दारं काढून टाकली, आणि चोर त्याच वाटेने आला.

मागे राहिलेल्या गावाचा दावा

प्रोकोपियसने एक हकिगत दिली आहे, ती आमच्या मते या सगळ्या विषयाचं मर्म सांगते. व्हँडल मूळ प्रदेशातून निघाले तेव्हा सगळे निघाले नव्हते. काही तिथेच राहिले. गायसेरिक आफ्रिकेचा राजा झाल्यावर या मागे राहिलेल्यांनी त्याच्याकडे वकील पाठवले. म्हणणं साधं होतं: तुमचं तिकडे भलं झालं, आनंद आहे. इकडची जमीन तुम्ही सोडलीत, तर तिच्यावरचा हक्कही सोडा. म्हणजे ती आमची होईल आणि तिच्यासाठी आम्ही जीव द्यायलाही तयार होऊ.

गायसेरिक आणि बाकीचे हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात एका वृद्ध, मानाच्या माणसाने हरकत घेतली. माणसाच्या हातातलं काहीच कायमचं नसतं, असं त्याचं म्हणणं. राजाला ते पटलं. वकील हात हलवत परत गेले. तेव्हा लोक राजाला आणि त्या म्हाताऱ्याला हसले. नको त्या शंका काढतात म्हणून! पुढे राज्य बुडालं तेव्हा म्हातारा खरा ठरला. पण तो दावा राखूनही काही उपयोग झाला नाही. मागे राहिलेल्यांचं तोवर नावही उरलं नव्हतं, असं प्रोकोपियस लिहितो.

विचार करा, या गोष्टीत दोन्ही पक्ष बरोबर आहेत. जाणाऱ्याला वाटतं, परतीची वाट राहू द्यावी. राहणाऱ्याला वाटतं, तू गेलास ना, मग मला माझ्या पायावर उभं राहू दे. आमच्या माहितीतल्या एकाही गेममध्ये हे राहणारे लोक दिसत नाहीत. 'अटिला'मध्ये गाव सोडलं की तिथे उजाड जागेचं चिन्ह येतं, आणि पुढच्या टर्नपासून तुमचं लक्ष दक्षिणेकडे. कुणी मागे राहिलं असेल ही शक्यताच नकाशावर नाही.

लिस्बनहून रिओ: फक्त डोकं नेलं

दुसरं प्रकरण बरोबर उलटं आहे. १८०७च्या नोव्हेंबरात नेपोलियनचा सेनापती जुनो पोर्तुगालवर चालून आला. २९ नोव्हेंबरला राजपुत्र दो जुआंव सगळा दरबार घेऊन लिस्बनहून जहाजांनी निघाला, सोबत इंग्रजी आरमाराचं संरक्षण. दुसऱ्या दिवशी जुनो लिस्बनमध्ये शिरला. वेडी राणी मारिया, अधिकारी, सरदार, त्यांची कुटुंबं, खजिना, कागदपत्रं, असा हजारोंचा लवाजमा जहाजांवर होता. घाई एवढी की राजग्रंथालयाच्या पेट्या धक्क्यावरच राहिल्या, त्या नंतर मागवाव्या लागल्या. १८०८च्या जानेवारीत जहाजं बाहियाला लागली, मार्चमध्ये दरबार रिओ दि जानेरोला पोचला.

'युरोपा युनिव्हर्सॅलिस' खेळणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर राजधानी हलली. आणि गेम म्हणतो ते जवळजवळ अक्षरशः घडलं: डोकं ब्राझीलमध्ये गेल्यावर ब्राझील वसाहत राहीना. जानेवारीतच तिथली बंदरं मित्रदेशांना खुली झाली. त्याच वर्षी बँक आली, सरकारी छापखाना आला. १८१५मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. आपल्या शेजारच्या गोव्यावर राज्य करणारा दरबारही या वर्षांत लिस्बनला नव्हता, रिओला होता.

पण इथे लोक हलले नव्हते. पोर्तुगालची जनता पोर्तुगालमध्येच होती. फ्रेंच फौजा, इंग्रज सेनापती आणि लढाई हे सगळं तिने सोसलं, आणि राजा समुद्रापलीकडे. १८२०मध्ये तिथे क्रांती झाली, राजाने परत यावं अशी मागणी आली. १८२१मध्ये तो परतला, मुलगा पेद्रोला रिओत ठेवून. पुढच्याच वर्षी पेद्रोने ब्राझील स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. डोकं तेरा वर्षं जिथे राहिलं तिथे नवं धड तयार झालं होतं. डोकं उचलून परत जुन्या धडावर ठेवायला गेलं तेव्हा नवं धड आपलं वेगळं डोकं घेऊन उभं राहिलं.

रायगडहून जिंजी: गादी नेली, कारभार ठेवला

तिसरं प्रकरण आपल्या घरचं आहे, आणि इथे त्याची जागा आहे म्हणूनच घेतो. २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर' या गेममध्ये मराठे ही खेळता येणारी फॅक्शन आहे. तो गेम सुरू होतो १७०० साली. हे साल मराठी माणसाने नीट बघावं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले, आणि त्याआधीची जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांची राजधानी मुलखाबाहेर होती. गेम जिथे पहिली टर्न देतो, तिथे एक मोठं स्थलांतर नुकतंच होऊन गेलेलं आहे.

१६८९च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारलं. रायगडाला वेढा पडला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडावरून निसटले, प्रतापगड, पन्हाळा करत पुढे दक्षिणेला निघाले, आणि वर्षअखेरीस जिंजीला पोचले. पन्हाळ्यापासून जिंजी सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर तरी आहे. रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले.

आता इथे काय नेलं आणि काय ठेवलं ते मोजून बघा. गादी नेली, शिक्का नेला, अष्टप्रधानांचा संच तिथे नव्याने उभा केला. पण जागा अनोळखी नव्हती. जिंजी शिवाजी महाराजांनी १६७७मध्येच जिंकलेली, तिथे हरजीराजे महाडिकांच्या हाताखाली मराठी अंमल बसलेला. म्हणजे जायच्या बारा वर्षं आधी घराचा पाया घातलेला होता. आणि महाराष्ट्र? तो सोडला नाही. रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपन्हा' करून इकडचा पूर्ण अधिकार त्यांच्या हाती दिला. इथे निर्णय घ्यायला जिंजीच्या पत्राची वाट बघायला नको. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव दोन्ही मुलखांत फिरत राहिले. जिंजीहून वतनांच्या आणि सरंजामांच्या सनदा सुटत होत्या, कित्येकदा अजून जिंकायच्या मुलखाच्या सुद्धा. याचा पुढे त्रासही झाला. पण त्या घटकेला प्रत्येक देशमुखाला, प्रत्येक सरदाराला कळलं की गादी जिवंत आहे आणि ती आपल्याला ओळखते.

झुल्फिकारखानाला जिंजी घ्यायला १६९०पासून जवळजवळ आठ वर्षं लागली. १६९८च्या जानेवारीत गड पडला, तेव्हा महाराज आधीच निसटलेले होते. ते महाराष्ट्रात परतले, साताऱ्याला राजधानी झाली. परतायला जागा होती, कारण ती कुणीतरी राखून ठेवली होती.

व्हँडलांनी जुन्या जमिनीवरचा दावा राखला, पण तिथल्या माणसांना अधिकार दिला नाही. इथे अधिकारच मागे ठेवला. आमच्या मते सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

मग खेळताना काय करायचं?

हा इतिहास ऐकून 'आता गेम खेळू नका' असं आम्ही सांगणार नाही. उलट जास्त मजा घेऊन खेळा. पण घर सोडण्याआधी नकाशा थांबवून चार प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, तिथे खायला काय आहे? लूट एकदाच मिळते. गायसेरिकने धान्याचा प्रांत निवडला, शहाणपण केलं. 'अटिला'मध्येसुद्धा दूर जाऊन फसणारे खेळाडू बहुधा सोन्याच्या नादाने गेलेले असतात आणि अन्नाचा आकडा बघायला विसरतात.

दुसरा, नवी माणसं कुठून येणार? गेममध्ये बराकीतून तुमच्याच वंशाचे सैनिक निघत राहतात, मग तुम्ही कार्थेजला असा की कैरोला. खऱ्या गायसेरिकच्या वारसांना हे सुख नव्हतं. एक करून बघा: मूळ प्रदेश सुटल्यावर आपल्या खास तुकड्यांची नवी भरती स्वतःहून बंद ठेवा, जेवढी माणसं आणलीत तेवढीच. मग तुम्हाला स्थानिक लोकांना हाताशी धरावंच लागेल, त्यांच्या तुकड्या, त्यांचे सरदार. गेम अवघड होईल, आणि खरा होईल.

तिसरा, मागे कोण राहिलं आणि त्याच्या हातात काय दिलं? गेममध्ये सोय असेल तर जुना मुलूख उजाड करून निघण्यापेक्षा तो एखाद्या मांडलिकाला देऊन निघा. कधी तो उलटेल, कधी तोच तुम्हाला वाचवेल.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो गेम कधीच विचारत नाही. तिथे आधी कोण राहतं? आपण 'रिकामा सुपीक प्रांत' म्हणून ज्याच्यावर बोट ठेवतो, तिथे कुणाची तरी शेतं आहेत. पडद्यावर ही माणसं असंतोषाचा एक आकडा म्हणून दिसतात. आकडा वाढला की कर कमी करायचा, नाहीतर फौज ठेवायची. व्हिटाच्या व्हिक्टरचा ग्रंथ त्या आकड्याच्या आतून लिहिलेला आहे: ज्यांची घरं गेली, ज्यांचे बिशप हद्दपार झाले, त्यांच्या बाजूने. तो पक्षपाती आहे, हे मान्य. पण व्हँडलांचं कौतुक करतानाही त्या बाजूची साक्ष ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही.

अशा व्याख्यानानंतर हमखास एक प्रश्न येतो: मग दूर जाऊन टिकलेलं एकही राज्य नाही का? आहे की. जिंजीपासून फार लांब नाही, तंजावर. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात ते घेतलं, आणि ती गादी १८५५पर्यंत राहिली, शेवटची काही दशकं इंग्रजांच्या छायेत का होईना. या भोसल्यांनी मराठी सोडली नाही, पण दरबारात तेलुगू आणि तमिळही नांदवली. राजे स्वतः तेलुगूत नाटकं लिहीत. सरस्वती महाल ग्रंथालयात या सगळ्या भाषांच्या पोथ्या शेजारी शेजारी आहेत. राज्य गेलं तरी त्यांच्याबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि घरात एक वेगळ्याच वळणाची मराठी बोलतात.

तुमच्या पुढच्या गेममध्ये सॅक्सनांना आफ्रिकेत जरूर न्या. पोचलात की एक टर्न थांबा आणि आपण ज्यांच्या गावात आलो त्यांची नावं वाचा. गेमने ती दिलेली असतात. आपणच घाईत असतो.